पंधरा मिनिटांचा नाश्ता आणि फळांतल्या साखरेची भीती

नोकरीच्या निमित्ताने ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या, ऐरोली, घणसोली किंवा घोडबंदर रस्त्याच्या बाजूला दोघातिघांनी मिळून घर भाड्याने घेतलेल्या आणि आपला नाश्ता आपणच करण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आलेल्या वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. अशा मंडळींकडून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. लोकल गाठायची असताना पंधरा मिनिटांत पोटभर आणि पौष्टिक असे काय करता येईल, हा पहिला. आणि फळांत साखर असते म्हणतात, मग ती सकाळी खावीत की टाळावीत, हा दुसरा. क्रमाने पाहता नाश्ता आधी यायला हवा, तरी मी दुसरा प्रश्न आधी घेणार आहे. साखरेची भीती मनात असली की माणूस फळवाल्याच्या गाडीसमोरून रिकाम्या हाताने पुढे जातो आणि वीस पावलांवरच्या टपरीवर दोन चमचे साखरेचा चहा आणि खारी मात्र निर्धास्तपणे घेतो. ही गफलत दूर झाल्याशिवाय पुढची कृती सांगण्यात फारसा अर्थ नाही.

आधी साखरेचा हिशेब

फळांत मुख्यतः तीन प्रकारची साखर असते: ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि या दोघांच्या जोडणीतून झालेले सुक्रोज. आपल्या डब्यातली उसाची साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोजच असते आणि पचताना तिचे अर्धे ग्लुकोज व अर्धे फ्रुक्टोज होते. गुळातही प्रामुख्याने सुक्रोजच असते. मधात तर ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज काहीसे जास्तच भरते. त्यामुळे 'फळातले फ्रुक्टोज वाईट, पण गूळ आणि मध चांगले' हे घरोघरी ऐकू येणारे विधान रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

फ्रुक्टोज बदनाम झाले, त्याला कारण आहे. ग्लुकोज शरीरातील जवळपास सर्व पेशी वापरतात, तर फ्रुक्टोजचा निपटारा बहुतांशी यकृताला करावा लागतो. ते मोठ्या प्रमाणात आणि एकदम आले, तर त्यातील काही भागाची यकृतात चरबी होते आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढू शकतात. मात्र या वाक्यातले 'मोठ्या प्रमाणात' आणि 'एकदम' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत आणि ऐकीव माहितीत नेमके तेच गळून पडतात. ३०० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात अदमासे ३२ ग्रॅम साखर असते आणि ती पाच मिनिटांत पोटात जाते. मध्यम आकाराच्या सोललेल्या केळ्यात १२ ते १४ ग्रॅम साखर असते. आपल्याकडे मिळणाऱ्या छोट्या वेलची केळ्यात त्याच्या निम्मी. शंभर ग्रॅम पपईत सुमारे ८ ग्रॅम, कलिंगडात ६, सफरचंदात १०, आंब्यात १४ आणि द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर धरावी. शिवाय ही साखर फळाच्या पेशींत, चोथ्याच्या आणि पाण्याच्या सोबतीने कोंडलेली असते. ती चावून मोकळी करावी लागते, पोटातून आतड्यात सावकाश सरकते आणि तोवर पोट भरल्याची जाणीवही झालेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हाच भेद केला आहे. 'मुक्त साखर' अशी एक वर्गवारी करून तिच्यात पदार्थात वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सारे धरले आहे. अख्ख्या फळातील साखर आणि दुधातील नैसर्गिक साखर त्यातून वगळली आहे. मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत आणावी, असे ही तत्त्वे सांगतात. रोज २००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे अदमासे २५ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा धरला, तर दोन-दोन चमचे साखरेच्या तीन कप चहात ही मर्यादा जवळजवळ संपते. सोबत ग्लुकोज बिस्किटे असतील, तर त्यांच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा साखरच असतो, हेही ध्यानात घ्यावे. साखरेची धास्ती घेऊन केळे सोडणाऱ्या माणसाने आधी स्वतःच्या चहाचे चमचे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळ फळ राहिले पाहिजे

१९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील संशोधकांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दहा निरोगी व्यक्तींना सफरचंद तीन रूपांत देण्यात आले: अख्खे, कुस्करून लगदा केलेले आणि रस काढलेले, तिन्हींत कर्बोदकांचे प्रमाण सारखेच राखले होते. रस अख्ख्या सफरचंदांपेक्षा अकरा पट वेगाने संपला, त्याने भूक कमी भागली आणि त्यानंतर रक्तातील इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त चढले. साखर तीच, फळ तेच. बदलले ते फक्त रूप. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे १ लाख ८७ हजार लोकांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जे निष्कर्ष मांडले, तेही याच दिशेचे आहेत: अख्खी फळे, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, नियमित खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. हे निरीक्षणात्मक संशोधन आहे, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही 'फळांतल्या साखरेने मधुमेह होतो' या समजुतीला त्यातून कोणताच आधार मिळत नाही, एवढे नक्की.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत आहे, असे कृपया समजू नये. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो, त्या पहिल्या उन्हाळ्यात मी स्थानकाबाहेर रोज सकाळी मोसंबीचा मोठा ग्लास पीत असे आणि त्यालाच नाश्ता म्हणत असे. चार-पाच मोसंब्यांचा रस गाळणीतून खाली येई, चोथा बादलीत जाई आणि मी स्वतःवर खूश होऊन कामाला जाई. अकराच्या आत पोटात खड्डा पडे आणि मग वडापाव एकाचे दोन होत. तीच मोसंबी सोलून खायची म्हटली असती, तर दोनच्या पुढे मी गेलो नसतो.

रसाला लागू असलेले सगळे मिल्कशेकलाही लागू आहे. त्यात बहुतेक ठिकाणी वरून साखर किंवा आइस्क्रीमही पडते. घरच्या शिकरणाचा दर्जा त्याहून खूप वरचा आहे, पण पिकलेले केळे असताना त्यात आणखी साखर कशासाठी घालतात, हे मला आजतागायत कळलेले नाही. सुकवलेल्या फळांबाबतही सावध असावे: वसईकडची सुकेळी, खजूर आणि मनुका हे उत्तम पदार्थ आहेत, परंतु पाणी निघून गेल्यामुळे त्यांतली साखर दाट होते आणि चार खजूर सहज तोंडात जातात. एक-दोन खजूर किंवा एखादे सुकेळे पुरेसे समजावे.

खोक्यातल्या रसावर 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेले असले, तरी तो रस मुक्त साखरेतच मोडतो. पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसांवर '१०० टक्के फळांचा रस' असे छापू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये उत्पादकांना दिला. वेष्टनाच्या मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले असतात. नाश्त्याची तयार धान्ये, म्युस्ली आणि 'मल्टिग्रेन' बिस्किटे घेताना दर्शनी चित्र न पाहता हा तक्ता पाहावा.

पहिली पायरी: आदल्या रात्रीची दहा मिनिटे

सकाळी पंधरा मिनिटांत नाश्ता करणाऱ्या घरांचे रहस्य सकाळी नसते, ते आदल्या रात्री असते. जेवणाची भांडी आवरताना तीन गोष्टी कराव्यात: उद्याचे कडधान्य किंवा डाळ भिजत घालावी, कांदा-मिरची-कोथिंबीर चिरून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि उद्या कोणते फळ खायचे ते ओट्यावर, डोळ्यांसमोर काढून ठेवावे. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण फ्रिजच्या तळाच्या कप्प्यातले फळ सकाळच्या घाईत कोणीही शोधत नाही.

मोड आणण्याचे काम नवशिक्यांना कठीण वाटते. मूग किंवा मटकी सकाळी निघताना भरपूर पाण्यात भिजत घालावी, संध्याकाळी आल्यावर उपसून, धुऊन, ओलसर सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवावी. आपल्याकडच्या उष्ण आणि दमट हवेत दुसऱ्या सकाळपर्यंत मोड डोकावू लागतात. मोड आल्याबरोबर ते फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. पावसाळ्यात याबाबत हयगय चालत नाही: जुलैमधील एका सकाळी मी मटकीचे फडके सोडले, तेव्हा तिला तार सुटली होती आणि वास शेजारच्या घरापर्यंत गेला होता. चिकट झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड शिजवूनही खाऊ नयेत. चांगले मोडही कच्चे न खाता पाच-सात मिनिटे वाफवून खाणेच सुरक्षित, कारण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते.

दुसरी पायरी: प्रथिने कोठून येणार, हे आधी ठरवावे

आपल्या पारंपरिक नाश्त्यात उणीव असेल तर ती प्रथिनांची. पोहे, उपमा, साबुदाणा, पाव, खारी, टोस्ट यांतून कर्बोदके भरपूर मिळतात, पण भूक थोपवून धरणारे द्रव्य त्यात बेताचेच असते. एका माणसाला लागणाऱ्या ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून पदार्थ ठरवताना 'आज काय करू' असे न विचारता 'आज प्रथिने कशातून' असे विचारावे. उत्तर अंडी, डाळ, मोड आलेले कडधान्य, दही, पनीर किंवा शेंगदाणे यांपैकी काही असले, की बाकीचा पदार्थ आपोआप ठरतो. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, ५० ग्रॅम मूगडाळीतूनही साधारण तेवढीच मिळतात, आणि मूठभर शेंगदाण्यांतून, म्हणजे ३० ग्रॅमांतून, ७ ग्रॅमांच्या आसपास.

नुसत्या फळांचा नाश्ता करणाऱ्यांनीही हा मुद्दा लक्षात घ्यावा. फळांची भरलेली थाळी दिसायला सुंदर असते, परंतु तिच्यात प्रथिने नगण्य असतात आणि तास-दीड तासात भूक परत येते. दोष साखरेला दिला जातो. उणीव मात्र सोबतीची असते.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष कृती

नवशिक्याने सुरुवात मूगडाळीच्या धिरड्यांपासून करावी, असा माझा आग्रह आहे, कारण त्यात आंबवणे नाही, पीठ मळणे नाही आणि चुकले तरी खाण्याजोगे काहीतरी हाती येतेच. दोघांसाठी १०० ग्रॅम, म्हणजे पाऊण वाटीच्या आसपास सालीची मूगडाळ रात्री भिजत घालावी. सकाळी पाणी काढून ती मिक्सरमध्ये दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा पेराएवढा तुकडा, जिरे आणि मीठ घालून वाटावी. पीठ डावातून सहज पसरेल इतपत सैल असावे. त्यात किसलेले गाजर किंवा दुधी घातला, तर भाजी वेगळी करावी लागत नाही. सकाळी सहाला मिक्सर लावल्यावर घरातल्या झोपलेल्यांचा रोष पत्करायचा नसेल, तर डाळ सकाळीच भिजत घालून रात्री वाटावी आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवावे. एप्रिल-मेमध्ये ते ओट्यावर राहिले, तर सकाळपर्यंत आंबून जाते. तवा तापल्यावर अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा, लगेच डावभर पीठ घालून मधून कडेकडे पसरावे आणि झाकण ठेवावे. कडा सुटू लागल्या की उलटावे. पहिले धिरडे चिकटले, तर खचून जाऊ नये. तवा एकतर पुरेसा तापलेला नसतो किंवा फार तापलेला असतो. पाण्याचा हबका मारावा. थेंब तडतडून लगेच उडून गेले, म्हणजे तवा जास्त तापला, तेव्हा आच कमी करावी. दोन-तीन धिरडी आणि वाटीभर दही हा एका माणसाचा भक्कम नाश्ता होतो.

कांदेपोहे सोडण्याची अजिबात गरज नाही. फक्त त्यांचे प्रमाण बदलावे. माणशी एक वाटी जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवावेत. कढईत दोन लहान चमचे तेलावर आधी मूठभर शेंगदाणे खमंग परतून बाजूला काढावेत, मग मोहरी, कढीपत्ता, मिरची आणि माणशी एक अख्खा कांदा परतावा, हळद घालावी, वाफवलेली मोडाची मटकी किंवा मटार अर्धी वाटी घालावेत आणि शेवटी पोहे, मीठ व शेंगदाणे घालून एक दणदणीत वाफ आणावी. लिंबू वरून पिळावे आणि ते शोभेचे समजू नये: लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतले आणि कडधान्यांतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. याच्या नेमके उलट काम चहा करतो. त्यातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाचे शोषण अडवतात, म्हणून चहा नाश्त्यासोबत न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा. ही सूचना ठाणेकरांना पटणे कठीण आहे याची मला कल्पना आहे. निदान हिमोग्लोबिन कमी असलेल्या स्त्रियांनी तरी ती पाळावी. पोह्यांत चिमूटभर साखर घालावी की नाही, हा वाद मी येथे उकरणार नाही. चौघांच्या कढईत अर्धा चमचा साखर पडल्याने काहीही बिघडत नाही.

उन्हाळ्यात गॅससमोर उभे राहणे नकोसे झाले, की दडपे पोहे करावेत. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू, मीठ घालून नारळाच्या पाण्याचा किंवा ताकाचा हबका द्यावा, वरून शेंगदाण्यांची फोडणी घालून दहा मिनिटे दडपून ठेवावे. तेवढ्या वेळात आंघोळ होते. नाचणीची आंबीलही याच ऋतूतली: दोन मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे, उकळत्या पाण्यात ओतून सहा-सात मिनिटे ढवळत शिजवावे आणि निवल्यावर ताक, मीठ, जिरेपूड घालावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे दूध न पिणाऱ्यांसाठी ती मोलाची आहे. मात्र पातळ आंबिलीने एकटीने दुपार गाठता येत नाही, सोबत उकडलेले अंडे किंवा शेंगदाणे हवेत.

अंड्यांबाबत फार सांगण्यासारखे नाही. रविवारी सहा उकडून, सालासकट फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकतात. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी करताना तिच्यात दोन अंडी फोडावीत किंवा मूठभर मोड घालावेत. भाजणी घरात असेल तर थालीपीठ पंधरा मिनिटांत होते. नसेल तर ठाण्यातल्या बहुतेक घरगुती पदार्थांच्या दुकानांत ती मिळते.

चौथी पायरी: फळ केव्हा, किती आणि कसे

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २००० किलोकॅलरीच्या आहारासाठी दिवसाला १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे एक केळे, एक मध्यम पेरू किंवा पपईच्या चार-पाच फोडी. ही किमान अपेक्षा समजावी. निरोगी माणसाने दिवसात दोन फळे खाल्ली, तर त्यातल्या साखरेची चिंता करण्याचे कारण नाही. ते नाश्त्याआधी खावे की नंतर, याविषयी ठाम नियम सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते नाश्त्यासोबत किंवा तो संपताच खाणे सोयीचे, कारण प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ सोबत असले की साखर रक्तात आणखी सावकाश उतरते. पण रिकाम्या पोटी केळे खाल्ल्याने काही अपाय होतो, असे मात्र नाही.

सर्वांत उपेक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गुणी फळ पेरू आहे. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे ५ ग्रॅम चोथा आणि २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, साखर आंब्याहून कमी असते, आणि तो सोलावा लागत नाही, डब्यात चिरडत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर काढून बसलेला माणूसही तो खाऊ शकतो, हा त्याचा गुण आहारशास्त्राच्या पुस्तकांत नोंदवलेला नाही. स्थानकाबाहेर मिळणारी कापलेली फळे मात्र, विशेषतः पावसाळ्यात, टाळावीत. तेथे ज्या पाण्याने सुरी आणि फळे धुतात ते कसे आहे, हे आपल्याला कळत नाही, आणि विषमज्वर व कावीळ अशाच वाटेने घरात येतात.

हापूसबद्दल एक शब्द, कारण मार्च उजाडला की वाशीच्या फळबाजारात पेट्यांची रीघ लागते आणि नंतर सगळेच नियम विसरले जातात. मध्यम हापूसच्या गरातून अदमासे २० ग्रॅम साखर मिळते. आंबा फोडी करून नाश्त्याला दही-पोह्यांसोबत खाल्ला तर तो एक फळ आहे. वाटीभर आमरस, त्यात साखर आणि सोबत पाच पुऱ्या झाल्या, की ती मेजवानी आहे. मेजवानी जरूर करावी, फक्त तिला फळ म्हणू नये.

जपून खावे अशी मंडळी

मधुमेह असलेल्यांनी फळे सोडावीत असे नाही, पण प्रमाण आणि वेळ पाळावी. एका वेळी एकच लहान फळ, तेही नाश्त्यासोबत; पेरू, पपई, संत्रे, सफरचंद आणि मोसमात बहाडोलीची किंवा बदलापूरची जांभळे हे सोयीचे पर्याय आहेत. केळे खायचे झाल्यास किंचित कच्चट घ्यावे, कारण साल काळी पडेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा पिष्टाची साखर झालेली असते. घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी रक्तशर्करा मोजून वहीत लिहावी. कोणते फळ आपल्याला किती मानवते, हे त्या वहीइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी नाश्ता टाळू नये आणि आहारातले मोठे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांचा प्रश्न साखरेचा नसून पोटॅशियमचा असतो. केळी, संत्री, खजूर आणि शहाळ्याचे पाणी त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. काही जणांच्या आतड्यात फ्रुक्टोज नीट शोषले जात नाही आणि सफरचंद, आंबा किंवा कलिंगड खाल्ल्यावर पोट फुगते. त्यांनी ती फळे कमी करून केळे, पपई किंवा संत्रे खाऊन पाहावे. जन्मजात फ्रुक्टोज न पचण्याचा एक आनुवंशिक विकारही आहे, पण तो फार दुर्मीळ आहे आणि त्याची लक्षणे बाळाला वरचे अन्न सुरू होताच दिसू लागतात.

आठवड्याची खरेदी

ठाण्यात राहणाऱ्यांनी फळे जांभळी नाक्याच्या मंडईतून आणावीत; नवी मुंबईकरांना वाशीचा घाऊक फळबाजार जवळ आहे, पण तेथे पेटीने घ्यावे लागत असल्याने इमारतीतल्या तीन-चार घरांनी मिळून जाणे परवडते. उन्हाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका करवंदे, जांभळे घेऊन शहरात येतात, त्यांच्याकडून घ्यायला विसरू नये. रविवारी केळी घेताना एकाच फणीवर भागवू नये: सोमवार-मंगळवारसाठी तीन-चार पिवळी आणि पुढच्या दिवसांसाठी हिरवट देठाची निवडून घ्यावीत, आणि ती फ्रिजमध्ये न ठेवता ओट्याच्या कोपऱ्यात, सफरचंदांपासून दूर ठेवावीत, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती बुधवारपर्यंत काळी पडतात. पपई अर्धी कच्ची घेतली तर गुरुवारी बरोबर तयार होते. पेरू मात्र दोन दिवसांपुरतेच घ्यावेत. त्यांचा वास घरभर सुटला, म्हणजे ते आजच संपवायचे.